बोन मॅरोच्या तपासणीतली कळ आणि धास्ती कमी करताना

जत, आटपाडी किंवा थेट अथणीकडून मिरजेला आलेल्या रुग्णाला बोन मॅरो (अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला मगज) तपासायचा आहे असे सांगितले की त्याचा पहिला प्रश्न बहुधा दुखण्याविषयी नसतो, तर पाय लुळे पडणार नाहीत ना, असा असतो. ही धास्ती काही अंशी आपल्या भाषेतूनच येते, कारण अस्थिमज्जा आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू या दोन्ही शब्दांत मज्जा आहे. म्हणून रुग्णाला कमरेवर हात ठेवून अंगठा मागे न्यायला सांगावे आणि तिथे लागणारा हाडाचा उंचवटा त्याच्याच बोटाने दाखवावा. सुई तिथे जाते, मणक्यात नव्हे, आणि मज्जारज्जू त्याच्या बराच वर संपलेला असतो. मटणाच्या नळीतला मगज सर्वांनी पाहिलेला असतो. आपल्या हाडातला तसाच मगज थोडासा काढायचा आहे, एवढे सांगितले तरी चेहऱ्यावरचा ताण सैल होतो.

रिकाम्या पोटाची चौकशी करायला विसरू नये. पहाटेची एसटी धरून आलेला, त्यात संकष्टीचा उपास असलेला रुग्ण कळ येण्याआधीच घेरी येऊन पडू शकतो. केवळ जागा बधिर करायची असेल तर हलका नाश्ता सहसा चालतो. मात्र फार घाबरलेल्या रुग्णाला शिरेतून मिडाझोलामसारखे गुंगीचे औषध द्यायचे ठरले असेल, तर 6 तास जेवण आणि 2 तास पाणी वर्ज्य असते, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावून श्वासावर लक्ष ठेवावे लागते, आणि त्या दिवशी रुग्णाने गाडी चालवायची नसते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आधीच सांगावे, परंतु त्या स्वतःहून बंद करू नयेत.

दुखणे कमी करण्याचा खरा उपाय लिग्नोकेन हे जागा बधिर करणारे औषध हाच आहे, आणि तो वाया जातो तो घाईमुळे. बारीक सुईने आधी कातडी बधिर करावी, मग हाडापर्यंत जाऊन हाडावरच्या आवरणात रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दोन-चार ठिकाणी औषध सावकाश सोडावे, कारण भरभर सोडलेले औषध जास्त झोंबते. त्यानंतर घड्याळ पाहून 3 ते 5 मिनिटे थांबावे. बाहेर ओपीडीची रांग वाढत असताना ही मिनिटे फार लांब वाटतात, परंतु माझ्या मते संपूर्ण तपासणीत यापेक्षा मोलाचे दुसरे काही नाही. मग सुईच्या टोकाने चाचपून पाहावे. दाब जाणवला तर चालेल, टोचले तर आणखी औषध द्यावे. आपल्याकडची वडीलधारी माणसे दात-ओठ खाऊन सोसतात, त्यामुळे ‘काका, टोचलं तर बोलायचं, आम्ही थांबतो’ हे आधीच बजावलेले बरे.

हाडाच्या आतला भाग मात्र या औषधाने बधिर होत नाही. सिरिंजने मगज ओढताना काही सेकंद पायापर्यंत जाणारी तीव्र ओढ लागते, आणि ती लपवून ‘काहीच होणार नाही’ असे सांगणे हा मोठा दोष आहे, कारण पुढच्या वेळी तोच रुग्ण दुप्पट घाबरून येतो. त्या क्षणाआधी सांगावे, ‘आता ओढल्यासारखं होईल, लांब श्वास सोडा, मी मोजते’, आणि मोठ्याने आकडे मोजावेत. कळ संपणार आहे हे कानावर पडत राहिले की अंग कमी आखडते. कुशीवर झोपलेल्या रुग्णाच्या तोंडासमोर घरच्या माणसाने बसून हात धरावा किंवा मोबाईलवर त्याच्या आवडीची भजने लावावीत. त्याच माणसाने दारात ‘त्यांना काही सांगू नका’ अशी कुजबुज मात्र करू नये, कारण ती रुग्णाला ऐकू येते.

तपासणीनंतर जागेवर दाब देऊन 15 ते 30 मिनिटे उताणे झोपवावे आणि पट्टी 24 तास कोरडी ठेवावी. काही दिवस ठणका राहतो. त्यासाठी मेडिकलमध्ये नुसती ‘अंगदुखीची गोळी’ मागू नये, कारण हातात बहुधा डायक्लोफिनॅकसारखी गोळी पडते आणि प्लेटलेट कमी असलेल्यांचा रक्तस्राव तिने वाढू शकतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्यावी. पट्टी रक्ताने भिजत राहिली, ताप आला किंवा ठणका उतरण्याऐवजी वाढत गेला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी परत यावे.