पहिले तीस सेकंद: बॉडी कॅमेऱ्याच्या फुटेजवर अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

"ताई, पोलिसांच्या छातीवर लावलेल्या बॉडी कॅमेऱ्यामुळे पोलीस आणि लोक एकमेकांशी नीट वागायला लागतात का, यावर प्रबंध करायचाय. सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न मला आता वरचेवर येतो. उत्तर तोंडी दिलं की निम्मं राहून जातं, म्हणून लिहून काढते आहे. माझे आठ महिने एका चुकीपायी वाया गेले आणि ती आठवण अजून बोचते. तुमचे जाऊ नयेत.

रिअल्टोचा प्रयोग तुम्ही वाचलाच असेल, सगळे तिथूनच सुरू करतात. कॅलिफोर्नियातलं छोटं शहर, 2012-13 ची गोष्ट. पोलिसांच्या ड्युटीच्या 988 पाळ्या, त्यातल्या कुठल्या पाळीत कॅमेरा लावायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. बळाचा वापर कॅमेऱ्याच्या पाळ्यांत 8 वेळा, बिनकॅमेऱ्याच्या पाळ्यांत 17 वेळा. वर्षभरात तक्रारी फक्त 3. हे आकडे वाचून मीही हरखले होते. मग 2017 मध्ये वॉशिंग्टन डीसीचा अहवाल आला: 2,224 पोलीस, बराच मोठा प्रयोग, आणि बळाचा वापर असो की तक्रारी, कशातही ठळक फरक नाही. लास वेगासमध्ये झालेल्या प्रयोगात मात्र दोन्ही कमी झाले. नवखा माणूस इथे गोंधळतो आणि एक बाजू धरून बसतो. तसं करू नका. एकच उपकरण वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी उत्तरं देत असेल, तर उपकरण कसं वापरलं गेलं ते आधी बघायचं.

म्हणजे बटण कोणी दाबलं, आणि कधी.

बराक एरिअल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दहा प्रयोग एकत्र करून पाहिले. सरासरीत बळाच्या वापरावर परिणाम शून्याच्या आसपास. पण जिथे पोलिसांनी नियमाप्रमाणे प्रत्येक प्रसंगी रेकॉर्डिंग चालू ठेवलं, तिथे बळाचा वापर 37 टक्क्यांनी कमी. आणि जिथे आपल्या मर्जीने चालू-बंद केलं, तिथे 71 टक्क्यांनी जास्त. ही विभागणी प्रयोग झाल्यानंतर केलेली आहे, त्यामुळे ती कार्यकारणाचा पुरावा म्हणून ठोकून सांगू नका. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल. पण दिशा ओळखून ठेवा.

आता माझी चूक.

माझ्याकडे गाडी अडवून केलेल्या चौकशीची फुटेज होती. पोलीस किती सौजन्याने बोलतो याला 1 ते 5 गुण द्यायचे, आणि संभाषणाच्या सुरुवातीचा सूर शेवटाशी ताडून पाहायचा, अशी माझी योजना. प्रत्येक फाईल पूर्ण बघायला वेळ नव्हता. मी सॉफ्टवेअरकडून सगळ्या संभाषणांचा मजकूर उतरवून घेतला आणि मजकुरावरच गुण दिले. निष्कर्ष फार सुंदर निघाला: जवळपास प्रत्येक भेटीची सुरुवात सौजन्याने होते. मी तो एका चर्चासत्रात मांडलासुद्धा.

माझ्या गाईडनी तोवर एकही फाईल उघडली नव्हती. माझ्या पुढच्या वर्षाला असलेल्या एका मैत्रिणीने एका दुपारी शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "एक लाव. मजकूर बंद कर, नुसतं बघ."

चित्र सुरू झालं, आवाज नाही. गाडीची खिडकी. चालकाचा हात कागद घेऊन बाहेर येतो, आत जातो, पुन्हा बाहेर येतो. चौकटीच्या खालच्या कडेने पोलिसाचं बोट वर येतं, गाडीच्या मागच्या बाजूकडे दाखवतं, पुन्हा दाखवतं. चालकाचे ओठ भराभर हलतायत, मान जोरात नकारार्थी. मग बीप. आणि आवाज येतो: शांत, स्वच्छ, "सर, हे संभाषण रेकॉर्ड होत आहे." माझ्या तक्त्यात या फाईलला सुरुवातीच्या सौजन्याचे 5 पैकी 5 गुण होते.

हे नीट समजून घ्या, दोनदा वाचावं लागलं तरी चालेल. बहुतेक बॉडी कॅमेरे पाळीभर तयार स्थितीत असतात, पण साठवत काही नाहीत. ते फक्त गेल्या काही सेकंदांचं चित्र तात्पुरतं धरून ठेवतात, जुनं पुसत, नवं घेत. पोलिसाने बटण दाबलं की तो मागचा तुकडा फाईलच्या तोंडाशी जोडला जातो. अनेक कॅमेऱ्यांत हा तुकडा 30 सेकंदांचा असतो आणि त्यात आवाज नसतो. फाईलचं घड्याळ शून्यापासून चालतं, शब्द मात्र तिसाव्या सेकंदाला सुरू होतात. मजकूर उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरला मूक भाग दिसतच नाही. त्याच्या लेखी पहिला ऐकू आलेला शब्द म्हणजे सुरुवात. मी "भेटीची सुरुवात" म्हणून मोजत होते ती "बटण दाबल्यानंतरची सुरुवात" होती. आणि माणूस बटण दाबतो तेव्हा आपण ऐकले जाणार हे त्याला पक्कं माहीत असतं. कॅमेऱ्यामुळे वागणं बदलतं का हे शोधायला निघालेली मी, बदललेलं वागणंच मूळ वागणं धरून बसले होते.

आणि हरवतात ते शब्द किरकोळ नसतात. 2023 मध्ये काळ्या चालकांना अडवल्याच्या 577 प्रसंगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पोलिसाचे फक्त पहिले 45 शब्द तपासले होते. जे प्रसंग पुढे झडती, बेड्या किंवा अटकेपर्यंत गेले, तिथे पोलिसाने अडवण्याचं कारण सांगण्याऐवजी हुकूम देऊन सुरुवात करण्याचं प्रमाण जास्त होतं. पंचेचाळीस शब्द बोलायला अर्धा मिनिट लागतो. माझ्या फाईलींमध्ये नेमका तोच अर्धा मिनिट मुका होता.

म्हणून पहिल्या दिवशी, एकही गुण द्यायच्या आधी, तक्त्यात तीन रकाने घाला: आवाज कोणत्या सेकंदाला सुरू झाला, तेव्हा दोघं आधीच बोलत होते का, आणि रेकॉर्डिंग थांबलं तेव्हा भेट संपली होती का. मग पोलीस दलाकडून त्याच काळातल्या कॉलची, म्हणजे पोलीस जिथे जिथे गेले त्या प्रसंगांची, नोंद मागा आणि किती प्रसंगांची फाईलच नाही ते मोजा. हे कंटाळवाणं काम आहे. ते केल्याशिवाय पुढचं एक पाऊल टाकू नका.

शॉर्टकटबद्दल माझं मत आता कडक झालंय. मजकुरावर काम करणं वाईट नाही. कॅलिफोर्नियातल्याच ओकलंड शहरात गाड्या अडवल्याच्या 981 प्रसंगांच्या मजकुरावरूनच 2017 मध्ये दाखवता आलं की पोलीस काळ्या चालकांशी गोऱ्यांपेक्षा कमी आदराने बोलतात, आणि ते काम भक्कम आहे. पण शंभरेक फाईली स्वतःच्या डोळ्यांनी आणि कानांनी पूर्ण पाहिल्याशिवाय मजकुराला हात लावू नये. गाईड निवडताना त्यांच्या प्रसिद्ध लेखांची यादी बघू नका. विचारा, "माझ्याबरोबर बसून तीन फाईली बघाल का?" जे हो म्हणतील ते तुमचे गाईड.

बाकीचे खड्डे थोडक्यात सांगते. तक्रारी कमी झाल्या म्हणजे वागणं सुधारलं असं लगेच लिहू नका. फुटेज दाखवल्यावर मागे घेतलेली तक्रार आणि भीतीने न केलेली तक्रार आकड्यात सारखीच दिसते. कॅमेरा नसलेला पोलीस कॅमेरावाल्या सहकाऱ्याबरोबर त्याच ठिकाणी गेला, तर तुमचा तुलनेचा गट तिथेच भेसळीचा झाला. लोकांना कॅमेरा दिसला होता का, हे विचारल्याशिवाय लोकांच्या वागण्याबद्दल बोलू नका. आणि स्वतःच्या नजरेवर लक्ष ठेवा: कॅमेरा छातीवर असतो, त्यामुळे तो लावणारा माणूस चित्रात जवळजवळ दिसतच नाही. 2019 च्या एका अभ्यासात तोच प्रसंग गाडीतल्या कॅमेऱ्याऐवजी बॉडी कॅमेऱ्यातून पाहणाऱ्यांना पोलिसाचं कृत्य कमी हेतुपुरस्सर वाटलं. गुण देणारे तुम्हीही त्या पाहणाऱ्यांतलेच.

घाबरून विषय सोडू नका. माझं काम मोडलं तेव्हा आठवडाभर मी कोणाशी बोलले नाही, प्रबंध सोडायचा विचार पक्का झाला होता. पण ज्याला मी बिघडलेला डेटा समजत होते, तोच पुढे माझा विषय झाला: बटण कोणत्या क्षणी दाबलं जातं. तुमच्याही डेटातली फट कदाचित तुमच्या प्रश्नापेक्षा जास्त सांगेल. आणि एका बसणीत फार फाईली पाहू नका. पडद्यावरची माणसं त्यांच्या आयुष्यातल्या वाईट दिवशी तुम्हाला भेटत असतात, त्यांनी तुम्हाला बोलावलेलं नसतं. रात्री त्यांचे चेहरे आठवले तर ते साहजिक आहे. सोबत काम करणाऱ्यांशी बोला, पण खोलीबाहेर त्यांची गोष्ट किस्सा म्हणून सांगू नका.

ती कागदवाल्या हाताची फाईल अजून माझ्या तक्त्यात आहे. सुरुवातीच्या सौजन्याच्या रकान्यात आता आकडा नाही. "ऐकू येत नाही, दोघे बोलत आहेत" एवढंच लिहिलंय.