पॉइंटवाल्या जुन्या जनरेटरचं टायमिंग लावताना या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरहून पेंचकडे निघालेल्या जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये एसी सुरू केला की मागच्या कप्प्यातला जनरेटर धापा टाकायला लागतो, सायलेन्सरमधून फटाके फुटतात आणि कोणीतरी म्हणतंच, "टायमिंग हललंय." टायमिंग म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडण्याची वेळ. बरेचदा ते हललेलं असतंही. पण का हललं हे न बघता स्क्रू फिरवला, तर थोड्याच दिवसांत तेच दुखणं परत येतं.

इथलं सगळं ओनानसारख्या (अमेरिकन जनरेटर कंपनी) जुन्या, पॉइंट-कॉइल आणि १२ व्होल्ट बॅटरीवर चालणाऱ्या पेट्रोल सेटबद्दल आहे. पॉइंट म्हणजे इंजिन फिरताना उघडमीट होणारे धातूचे दोन संपर्क, ते उघडले की कॉइलमुळे ठिणगी पडते. पूर्ण उघडल्यावर दोघांमध्ये राहतं ते अंतर म्हणजे गॅप. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या सेटला पॉइंटच नसतात, त्यात लावायला स्क्रू शोधू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गॅप आणि टायमिंग या दोन वेगळ्या गोष्टी समजणं. जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये गॅप लावून झाली की डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग वेगळं लावता यायचं. या जनरेटरमध्ये बहुधा फिरवायला काही नसतं, गॅप हेच टायमिंग. गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी आधी पडते. गॅप कमी केली की ठिणगी उशिरा. म्हणून पुस्तकातली गॅप (ओनानच्या बऱ्याच सेटला ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर) ही फक्त सुरुवात. शेवटचा शब्द फ्लायव्हीलवरच्या (इंजिनच्या जड चाकावरच्या) खुणेचा. खूण जुळवताना गॅप एक-दोन हजारांश इंच इकडेतिकडे झाली तर चालतं. त्याहून बरीच लांब गेली, तर काहीतरी झिजलंय असं समजा.

झिजतं काय? कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर) घासणारा पॉइंटचा ठोकळा, किंवा पॉइंटला ढकलणारी छोटी दांडी. दोन्ही आखूड होतात, गॅप आपोआप घटते, आणि टायमिंग मागे सरकतं. पुढे सहसा सरकत नाही. दांडी झिजली की तिच्या बाजूने तेल वर येऊन पॉइंट काळे पडतात. पॉइंटच्या डबीत तेल दिसलं तर नुसतं पुसून भागणार नाही, दांडी बदला.

दुसरी चूक, खड्डा पडलेल्या पॉइंटमध्ये फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) घालणं. एका पॉइंटवर टेंगूळ आणि समोरच्यावर खड्डा असेल तर गेजची पट्टी टेंगळाला अडते आणि खरी गॅप गेज दाखवतो त्याहून जास्त निघते. पॉलिश पेपरने घासाल तर त्याचे कण पृष्ठभागात रुततात, मग पॉइंट जास्तच जळतात. बारीक पॉइंट फाइल चालवा, मग पेट्रोलने ओला केलेला स्वच्छ कागद दोघांमधून ओढा. वारंवार खड्डे पडत असतील तर कंडेन्सर बदला. त्याची क्षमता साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड असते.

इंजिन बंद ठेवून लावताना

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. स्टार्टचं बटण गाडीच्या आतही असतं, आणि तुमची बोटं फ्लायव्हीलवर असताना आत कोणी ते दाबलं तर काय होईल ते सांगायला नको. प्लग काढला की इंजिन हाताने सहज फिरतं.

मग पॉइंटवरची कॉइलची वायर सोडवा. ती न सोडवता मल्टिमीटरचा बझर लावणारे खूप आहेत. कॉइलच्या आतला रेझिस्टन्स मोजके ओहमच असल्याने, इतर जोडण्यांमधून वाट मिळाली की पॉइंट उघडले तरी बझर वाजतच राहतो. वायर सोडली की पॉइंट मिटलेले असताना वाजतो, उघडताक्षणी थांबतो. तो थांबला त्या क्षणी खूण समोर हवी.

फ्लायव्हील चालत्या दिशेनेच फिरवा. खुणेच्या पुढे गेलात तर थोडंसं मागे आणून भागत नाही, गिअरमधला ढिलेपणा मोजमापात येतो. पाव फेरा मागे जा आणि पुन्हा पुढे या. स्क्रू आवळताना गॅप हलतेच, तेव्हा आवळल्यानंतर पुन्हा तपासा. हे सांगूनही दहातले नऊ जण करत नाहीत.

खूण पुसली असेल तर टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा, शोधा आणि पुढे मोजा. फ्लायव्हीलचा व्यास २५० मिलिमीटर असेल तर परीघ ७८५, म्हणजे एक अंश सुमारे २.२ मिलिमीटर. पुस्तकात २० अंश आधी सांगितलं असेल तर टीडीसीपासून ४३.६ मिलिमीटरवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ. प्लगच्या भोकात लोखंडी स्क्रूड्रायव्हर घालू नका, बांबूची काडी पुरते. उलट्या झटक्याने फ्लायव्हीलची चावी अर्धी कापली गेली असेल तर खूणच खोटं बोलते, म्हणून जुन्या खुणेचीही टीडीसीशी एकदा पडताळणी करा.

काही सेटमध्ये वेग वाढला की ठिणगी पुढे नेणारी यंत्रणा असते. त्यांच्या पुस्तकात दोन आकडे असतात, बंद इंजिनचा आणि चालत्याचा. चालत्याचा आकडा बंद इंजिनवर लावला तर स्टार्ट करताना उलटा झटका बसतो आणि स्टार्टर मोडतो. चालत्यावर तपासायला टायमिंग लाइट घ्या आणि गाडी उघड्यावर ठेवा, शेडमध्ये नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

टायमिंगचा दोष नसताना

आवाज वरखाली होत राहणं म्हणजे हंटिंग. तिथे गव्हर्नरची (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेची) दांडी आणि कार्बोरेटर बघा. चार पोलच्या सेटला ५० हर्ट्झसाठी १५०० आरपीएम लागतात, पण अमेरिकन सेट ६० हर्ट्झचा, म्हणजे १८०० चा असतो. त्याचा वेग टायमिंगने कमी-जास्त करायला जाऊ नका.

एसी लावल्यावरच दम लागतो आणि सायलेन्सर लालसर होतो, तर टायमिंग मागे आहे. लोड पडताच खडखड वाजतं आणि स्टार्टर अडखळतो, तर पुढे आहे. पण नागपुरात ४५ अंशांच्या दुपारी कप्प्यातली हवाच तापलेली असते. पंख्यावरचं पत्र्याचं झाकण काढून चालवलं की हवा इंजिन थंड ठेवणाऱ्या फिनांवरून जातच नाही आणि चांगलं टायमिंगही खडखडायला लागतं. झाकण बसवून, सकाळी सातच्या सुमारास, पूर्ण लोडवर अर्धा तास चालवून बघा. तेव्हाही खडखडला तरच गॅपला हात लावा.