छोट्या सीएनसी वर्कशॉपने उपग्रहाचं पहिलं काम कसं घ्यावं

भोसरी, अंबड किंवा शिरोलीत तीन-चार व्हीएमसी (उभ्या स्पिंडलच्या, संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीन) चालवणाऱ्याने अवकाश क्षेत्रात शिरताना थेट इस्रोच्या टेंडरमागे लागू नये. वालचंदनगरला रॉकेट मोटरच्या केसिंग होतात, विक्रोळीला गोदरेजमध्ये इस्रोच्या रॉकेटांचं विकास इंजिन. ती घडी बसायला दशकं लागली. २०२० नंतर मात्र खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुलं झालं. त्यांना ब्रॅकेट, इलेक्ट्रॉनिक्सचे डबे असे पार्ट मोजक्या नगांत लागतात, आणि एवढ्या छोट्या लॉटला मोठे पुरवठादार विचारत नाहीत. तिथून सुरुवात करा. आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थेचं प्रमाणपत्र हातात असू द्या. त्याचं विमान-अवकाश क्षेत्रासाठीचं रूप, एएस ९१००, दोन-तीन ऑर्डरींनंतर.

पहिली अडचण मालाची. ड्रॉइंगवर ७०७५-टी७३५१ (७०७५ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, टी ही त्याच्या उष्णता-प्रक्रियेची खूण) असेल तर टी६ वापरू नका. टी६ जास्त मजबूत असतो, पण ताणाखाली गंजून तडकतो. टी७३ त्यासाठीच आहे. माल घेताना ईएन १०२०४ प्रकार ३.१ चं, म्हणजे उत्पादकाने त्याच मालाच्या चाचणीचं दिलेलं सर्टिफिकेट मागा. त्यावरचा हीट नंबर, म्हणजे धातू वितळवलेल्या बॅचचा क्रमांक, हा धातूचा सातबारा. प्लेट कापण्याआधी उरणाऱ्या तुकड्यावरही तो नंबर टाका. बिननंबरी तुकडा या कामासाठी भंगारच.

पातळ भिंतीचा डबा व्हाइसमध्ये सरळ दिसतो, सोडला की वाकतो, कारण प्लेटमधला आतला ताण मोकळा होतो. म्हणून ६०६१ (दुसरा ॲल्युमिनियम मिश्रधातू) घ्यायचा तर टी६५१, म्हणजे ओढून ताण काढलेला. रफिंगला (पहिल्या जाड कापणीला) सगळीकडे १ मिमी माल ठेवा, जॉब सोडून रात्रभर राहू द्या, डेटम फेस (जिथून मापं धरतात तो पृष्ठभाग) पुन्हा मारा, मगच फिनिशिंग.

मोजमापाचं तापमान २० अंश. मे महिन्यात शॉपमध्ये ३५ अंश असताना २०० मिमीचा ॲल्युमिनियम जॉब सुमारे ७० मायक्रॉन लांब भरतो. स्टीलचा मायक्रोमीटरही फुगतो, पण निम्माच. त्यामुळे साधारण ३५ मायक्रॉनची चूक तरीही राहते. बाहेरच्या एनएबीएल-मान्यताप्राप्त लॅबमध्ये सीएमएम (त्रिमितीय मोजणी मशीन) वर मापं करून घेणार असाल तर जॉब आदल्या दिवशी तिथे पोचवा, म्हणजे तो तिथल्या तापमानाला येईल.

कोटिंगमध्ये हमखास फसगत होते. झिंक किंवा कॅडमियम प्लेटिंगचे बोल्ट इथे बंद: निर्वातात गरम झाल्यावर हे धातू उडतात आणि शेजारच्या भागांवर बसतात. शुद्ध टिनला बारीक केस फुटतात, त्यातून शॉर्ट होतं. ५० मायक्रॉन हार्ड ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर चढवलेला कठीण ऑक्साइडचा थर) प्रत्येक पृष्ठावर अंदाजे २५ मायक्रॉन बाहेर वाढतं, म्हणजे भोकाचा व्यास ५० मायक्रॉनने कमी होतो. मशीनिंग करतानाच तेवढा मोठा ठेवा. अर्थिंगच्या जागी ॲनोडायझिंग चालत नाही, कारण ते वीज अडवतं. तिथे मास्किंग करून (ती जागा झाकून) वीज वाहू देणारं क्रोमेट कोटिंग द्या.

पहिल्या नगाची एफएआय, म्हणजे संपूर्ण तपासणी, ही एएस ९१०२ या मानकाप्रमाणे. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला आणि प्रत्येक नोटलाही बलून नंबर (गोलातला क्रमांक) द्या (नोटा सुटतात, हे ठरलेलंच). समोर प्रत्यक्ष रीडिंग, इन्स्ट्रुमेंट नंबर, कॅलिब्रेशनची तारीख. नुसतं ‘ओके’ लिहिलेला रिपोर्ट परत येतो. एखादं भोक १० मायक्रॉन मोठं झालं तर गुपचूप बुश (भोक लहान करणारी नळी) ठोकू नका. विचलन लिहून कळवा, निर्णय डिझाइनवाल्यांचा. पुष्कळदा ते तसंच चालवून घेतात. लपवलेलं सापडलं तर मात्र पुढची ऑर्डर विसरा.

दर लावताना मशीनच्या तासांबरोबर तपासणीचे आणि कागदांचे तास स्वतंत्र धरा. छोट्या लॉटमध्ये ते कधीकधी मशीनिंगइतकेच भरतात. वाया जाणारा एक जादा ब्लँकही (कापून ठेवलेला कच्चा तुकडा) धरा, कारण त्याच हीटचा माल दुसऱ्यांदा मिळेलच असं नाही. इन्व्हॉइसवर उद्यम नंबर (एमएसएमई नोंदणीचा क्रमांक) टाका: एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. ग्राहक ९० दिवसांची अट घालू लागला तर ती पीओ (खरेदी ऑर्डर) स्वीकारण्याआधीच खोडून घ्या.