बाल संरक्षण कक्षात नवीन लागताय? मग फाईलींबद्दल थोडं

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून जिल्हा बाल संरक्षण कक्षात, म्हणजे संकटातल्या मुलांचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयात, कंत्राटी पदावर येणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं काम म्हणजे फिल्ड, गृहभेटी, समुपदेशन. ते आहेच, पण दिवसातला मोठा वेळ फाईल आणि पोर्टलपुढेच (मुलांच्या ऑनलाइन नोंदी) जातो आणि खरं सांगायचं तर मुलाचं पुढे काय होणार हे बरेचदा त्या नोंदींवरच ठरतं. मुलाखतीत कलमं विचारतात, नोंद कशी करायची ते कोणी शिकवत नाही, म्हणून लिहितेय.

मूल आज कुठे राहतंय, कोणाच्या आदेशाने राहतंय आणि ती सोय तात्पुरती आहे की कायमची, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. नवीन माणूस तिन्हींचं मिळून एकच लिहितो, 'आजीकडे दिले'. अहो पण दिलं म्हणजे कसं? बालकल्याण समितीने (अशा मुलांबद्दल आदेश देणारी जिल्ह्याची समिती) आजीला 'योग्य व्यक्ती', म्हणजे मूल सांभाळायला लायक, ठरवून ताबा दिला, की बालसंगोपन योजनेत (घरात मूल सांभाळायला दरमहा सरकारी मदत) घातलं, की दिवाळीच्या सुट्टीला पाठवलं आणि मूल बालगृहात परत आलंच नाही? बालसंगोपनाचे महिन्याला २२५० रुपये चालू आहेत म्हणजे आजी कायदेशीर पालक झाली असं नाही, ती फक्त मदत आहे. म्हणून प्रत्येक नोंदीत आदेशाचा क्रमांक, तारीख आणि मुदत टाकायचीच, आणि आदेश नसेल तर 'आदेश नाही' असं स्पष्ट लिहायचं, रिकामं सोडायचं नाही.

क्रम तसा सोपा आहे. मूल सापडलं किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावरून आलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीपुढे, नमुना १७ मध्ये अहवाल, मग नमुना २२ चा सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत, आणि नमुना ७ म्हणजे आयसीपी, त्या मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा. आयसीपीत 'शिक्षण चालू, तब्येत ठीक' एवढंच कॉपी-पेस्ट करणारे खूप बघितले, खरं तर मूल घरी जाणार, प्रतिपालकत्वात (दत्तक न घेता दुसऱ्या कुटुंबाने सांभाळणं) जाणार की दत्तक, हे त्यातच दिसायला हवं.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो भाग. 'वडील मयत, आई सोडून गेली' हे वाक्य तुम्हाला अर्ध्या फाईलींत सापडेल. कोणी सांगितलं? शेजारणीने सांगितलं असेल तर 'शेजारणीने सांगितले' असंच लिहा, मृत्यूचा दाखला मिळाला असेल तर त्याचा नंबर द्या, कारण एकदा का ऐकीव गोष्ट अहवालात खरी म्हणून गेली की पुढचा प्रत्येक जण तीच उतरवत जातो आणि मुलाची आई कुठेतरी जिवंत असताना कागदावर मूल अनाथ होऊन बसतं. तसंच संस्थेतली भेट नोंदवही. वर्षभर कोणीच भेटायला आलं नाही अशी मुलं दत्तकासाठी विचारात घेता येतात, पण ते सिद्ध होणार त्या वहीवरूनच. मामा दोनदा येऊन गेटवरूनच खाऊ देऊन गेला आणि वहीत सही नाही, तर कागदावर तो आलाच नाही! म्हणून संस्थेत गेलं की चहा नंतर, आधी ती वही मागायची, शक्य झाल्यास गेटवरच्या मावशींशी पण बोलायचं.

टाकून दिलेल्या किंवा अनाथ मुलाला दत्तकासाठी मुक्त, म्हणजे कायद्याने दत्तक देता येण्याजोगं, जाहीर करायची मुदत, मूल २ वर्षांपर्यंतचं असेल तर २ महिने आणि त्यावर असेल तर ४ महिने, आणि आईवडिलांनी स्वतः सोपवलं असेल तर त्यांना फेरविचाराला २ महिने. निर्णय समितीच्या किमान तीन सदस्यांनी घ्यायचा असतो, दाखला नमुना २५ मध्ये. प्रतिपालकत्वात तर आदेशाची तारीख आणि मूल प्रत्यक्ष त्या घरी गेलं ती तारीख, दोन्ही लिहा, २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २ वर्षांनी त्या कुटुंबाला दत्तकाचा विचार करता येतो आणि तेव्हा सगळे ह्याच तारखा शोधत बसतात.

भावंडांच्या फाईली एकमेकींना जोडा. एक शिशुगृहात, एक बालगृहात, आडनावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं, एवढ्यावर पोर्टलला ती परकी मुलं वाटतात.

दत्तकाचा आदेश १ सप्टेंबर २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, पण आदेश आला म्हणून फाईल बंद करायची घाई नको, पुढे २ वर्षं पाठपुरावा असतो. आणि नंतरही ती फाईल कोणीतरी उघडणार आहे. दत्तक गेलेलं मूल १८ पूर्ण झालं की स्वतः अर्ज करून आपल्या मुळांची माहिती मागू शकतं, त्यामुळे बाळ कुठे सापडलं, अंगावर काय होतं, दुपटं कुठल्या रंगाचं, हातात काळा दोरा होता का, हे लिहून ठेवा, आणि आईबद्दल शेरे मारू नका. 'बेजबाबदार माता' ही माहिती नाही, तुमचं मत आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचं पण सांगते. ऑफिसच्या ग्रुपवर मुलाचा फोटो, नाव, आदेशाची प्रत टाकायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, तुम्ही नका टाकू, बालन्याय कायद्याच्या कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड केली तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं आणि कंत्राटी माणसाच्या मागे तेव्हा कोणी उभं राहत नाही. कंत्राट संपायच्या आधी चालू केसेसची एक यादी करून ठेवा, कोणाच्या आदेशाची मुदत कधी संपते आणि कुठला कागद यायचा बाकी आहे एवढीच, आणि ती वरिष्ठांना देऊन पोच घ्या.