बागेतल्या मिनी ट्रॅक्टरचं ऑइल-पाणी कसं तपासावं

ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागेतल्या मिनी ट्रॅक्टरला उसंत नसते. औषध फवारणारा ब्लोअर जोडलेला, पीटीओ (अवजाराला ताकद देणारा मागचा शाफ्ट) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर, इंजिनावर तासन्‌तास सारखा लोड. या इंजिनात मुळात ऑइल थोडं असतं, त्यामुळे अर्धा लिटर कमी पडलं तरी ते मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा लवकर जाणवतं. म्हणून रोज सकाळी, पहिला स्टार्ट मारण्याआधी तपासणी करायची.

ट्रॅक्टर सपाट जागेवर घ्या. सरीत किंवा बांधाच्या उतारावर पाहिलेली पातळी खोटी असते. इंजिन चालू होतं तर बंद करून पंधरा मिनिटं थांबा. ऑइलची पातळी दाखवणारी काठी (डिपस्टिक) काढा, स्वच्छ फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला, मग पुन्हा काढून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं, वरच्या खुणेजवळ असेल तर उत्तम. कमी असेल तर शंभर-दोनशे मिली ओता, थांबा, परत बघा. वरच्या खुणेच्या पुढे भरलं तर क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि सीलमधून गळती सुरू होते.

पातळी उतरली की सगळे ऑइल ओततात, पण वाढली तर कुणी विचारत नाही. खरी धास्ती तीच. ऑइल न घालता पातळी वाढली, ते पातळ झालं आणि डिझेलचा वास आला, तर इंजेक्टर किंवा डिझेल पंपाकडून डिझेल आत येतंय. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बहुधा हेड गॅस्केटमधून किंवा लायनरच्या ओ-रिंगमधून. दोन्ही वेळा इंजिन चालू करू नका, मेकॅनिक बोलवा. नुसतं काळं ऑइल मात्र खराब समजू नका. डिझेल इंजिनात ते लवकरच काळं होतं. बदलायचं ते मॅन्युअलमधल्या तासांवर.

रेडिएटरची कॅप इंजिन गार असतानाच उघडा. बोअरचं पाणी घालू नका. क्षारांचा थर बसतो, नळ्या अरुंद होतात आणि भर उन्हात इंजिन तापतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं वापरा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. रेडिएटरच्या जाळीत पाला आणि धूळ अडकलेली असेल तर कूलंट पूर्ण असूनही इंजिन तापेल.

गिअरबॉक्स आणि लिफ्टचं ऑइल बहुतेक मॉडेलमध्ये एकच असतं. ते बघताना लिफ्ट पूर्ण खाली हवी. टिपिंग ट्रॉली याच ऑइलवर उचलत असेल तर तिचा जॅकही पूर्ण बसलेला हवा, नाहीतर ऑइल जॅकमध्ये राहतं, काठीवर कमी दिसतं आणि आपण जास्तीचं भरून बसतो. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतील तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलं यूटीटीओ, म्हणजे गिअर, लिफ्ट आणि ब्रेक तिन्हींना चालणारं ऑइलच घाला. दुकानात मिळालं ते साधं गिअर ऑइल चालवलं की ब्रेक करकरतात, लिफ्ट धक्के देत उचलते. इथलं ऑइल दुधाळ होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे वॉशिंगचा जोरदार फवारा. फाटलेल्या गिअर लिव्हरच्या रबरातून पाणी आत जातं. ते रबर स्वस्त आहे, वेळेवर बदला. ट्रॉलीचा पाइप जोडण्याआधी कपलर (पाइपाचा जोड) पुसायचं विसरू नका. तिथली माती सरळ पंपात जाते.

फोर व्हील ड्राइव्हच्या पुढच्या ॲक्सलचं ऑइल हमखास राहून जातं. लेव्हल प्लग काढल्यावर भोकाच्या काठापर्यंत ऑइल हवं.

ऑइल बाथ एअर क्लीनरमध्ये (हवा ऑइलमधून गाळणारा फिल्टर) इंजिन ऑइल खुणेपर्यंतच भरा. जास्त झालं तर इंजिन ते ओढून घेतं आणि स्वतःच्याच ऑइलवर भरधाव पळू शकतं, मग डिझेल बंद करूनही थांबत नाही. धुळीच्या दिवसांत तळाशी चिखल साचला की वाटी धुऊन नवं ऑइल घाला.

डिझेलची टाकी संध्याकाळीच भरून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्री दव धरून पाणी साचतं. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमध्ये पाणी दिसलं तर सकाळी ते सोडून द्या.

बॅटरीला झाकणं असतील तर प्लेटांच्या वर साधारण १० ते १५ मिलिमीटर पाणी हवं. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड नाही. प्लेटा उघड्या पडल्या नसतील तर बॅटरी चार्ज झाल्यावरच घाला. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये ते उसळून बाहेर येतं आणि टर्मिनल खातं.