भीती आणि फोबियावरचा इंग्रजीचा तास : या चुका टाळा

भीती या विषयावर बोलायला प्रत्येकाकडे काहीतरी असतं, म्हणून तो इंग्रजीच्या तासाला हमखास घेतला जातो. आणि याच कारणाने तो फसतोही.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे एकेकाला उभं करून "तुला कशाची भीती वाटते?" असं विचारणं. दोघंतिघं साप, झुरळ सांगून मोकळे होतात आणि पुढचा गप्प उभा राहतो. आपण समजतो, याला वाक्य जुळवता येत नाही. पण पुष्कळदा त्याला ते वर्गासमोर सांगायचंच नसतं. त्यामुळे सुरुवात काल्पनिक माणसापासून करा : लिफ्टमध्ये पाऊल न टाकणारा एक गृहस्थ, आणि त्याची मुलाखत दहाव्या मजल्यावर आहे. तो काय करेल? इथे सगळे बोलतात. मग लहानपणी वाटायची पण आता गेलेली भीती विचारा. 'युज्ड टू बी अफ्रेड ऑफ'चा सराव आपोआप होतो. आजच्या भीतीबद्दल ज्याला बोलायचं असेल त्यानेच बोलावं, आणि 'पास' म्हणायची मुभा आहे हे तास सुरू होतानाच सांगा.

कोळी, साप, रक्त यांचे मोठे फोटो अचानक पडद्यावर आणू नका. रक्त किंवा सुईच्या फोबियात रक्तदाब एकदम उतरून माणूस चक्कर येऊन पडू शकतो. तसं झालंच तर त्याला आडवं झोपवा, पाय थोडे वर ठेवा. "हात लावून बघ, जाईल भीती" हा प्रयोग तर वर्गात नकोच. तशी टप्प्याटप्प्याची सवय लावणं हे तज्ज्ञाचं काम आहे.

फोबियांच्या वीस ग्रीक-लॅटिन नावांची यादी पाठ करून घेण्यातही अर्थ नाही. अ‍ॅक्रोफोबिया (उंचीची भीती), क्लॉस्ट्रोफोबिया (बंद जागेची भीती) एवढं पुरे. रोजच्या बोलण्यात लोक 'आय अ‍ॅम स्केअर्ड ऑफ हाइट्स' असंच म्हणतात. अ‍ॅगोराफोबिया शिकवलात तर 'मोकळ्या मैदानाची भीती' एवढ्यावर सोडू नका. गर्दी, रांग, बस अशा जिथून चटकन बाहेर पडता येणार नाही किंवा मदत मिळणार नाही, त्या जागांची ती भीती असते. साधी भीती आणि फोबिया यांतला फरकही सांगा. २०१३च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेनुसार विशिष्ट फोबियातली भीती धोक्याच्या मानाने फार जास्त असते, साधारण सहा महिने किंवा अधिक टिकते आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणते. नाहीतर मुलं एकमेकांना फोबिया चिकटवत बसतात.

व्याकरणात तीन जागी हटकून घसरतात. 'आय अ‍ॅम स्केअरी' म्हणजे मी भीतिदायक आहे. हवं असतं 'स्केअर्ड'. 'अफ्रेड'नंतर 'फ्रॉम' नाही, 'ऑफ'. आणि 'अ‍ॅन अफ्रेड बॉय' चालत नाही, 'अ फ्रायटन्ड बॉय' म्हणावं लागतं. मात्र कोणी मनातलं सांगत असताना मध्येच टोकू नका. चुका वहीत टिपा, शेवटी नाव न घेता फळ्यावर लिहा.

परकी भाषा बोलण्याचीच भीती असते, हेही विसरू नका. हॉरविट्झ, हॉरविट्झ आणि कोप या संशोधकांनी १९८६ मध्ये ती मोजण्यासाठी प्रश्नावली मांडली होती. एवढ्यानंतरही वर्ग गप्प बसला, तर विषय बदलू नका. आधी जोडीजोडीने दोन मिनिटं बोलू द्या आणि मगच सगळ्यांसमोर विचारा.