जुन्या डिझेल गाडीचा ईसीएम खरंच गेलाय का, हे कसं तपासायचं

सेल्फ मारला की इंजिन फिरतं पण गाडी स्टार्ट होत नाही, किंवा चालता चालता अचानक बंद पडते, स्कॅनर लावला तर गाडीशी बोलणंच होत नाही, आणि मग कोणीतरी सांगून टाकतं की ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला. हे वाक्य फार स्वस्तात बोललं जातं आणि त्याचा खर्च मात्र मालकाला पडतो. जुन्या डिझेल गाडीत ईसीएम स्वतःहून मरण्यापेक्षा त्याला नीट सप्लाय न मिळणं, अर्थ खराब होणं, नाहीतर एखाद्या सेन्सरने त्याला खाली ओढणं हे कितीतरी जास्त वेळा घडतं. म्हणून ईसीएमवर बोट सगळ्यात शेवटी ठेवायचं, आणि तेही पुरावा हातात असेल तरच.

आधी एक बघून घ्या, तुमच्या गाडीत ईसीएम आहे का. पूर्ण मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल गाड्यांना तो नसतोच, तिथे फार तर पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड आणि हीटर प्लगचा टायमर असतो. पॅसेंजर कारमध्ये कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल) १९९७ पासून आलं, त्याच्या आधीही काही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचे रोटरी पंप होते. पुढचं सगळं अशा ईसीएमवाल्या गाड्यांसाठी आहे.

लागणारं सामान जास्त नाही. चांगला डिजिटल मल्टीमीटर, लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर, दोन वायरी जोडलेला हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब, आणि तुमच्याच मॉडेलचा वायरिंग डायग्राम. डायग्राम नसेल तर थांबा आणि तो आधी मिळवा, अंदाजाने पिना टोचत बसलात तर चालू ईसीएम स्वतःच्या हाताने माराल.

चावी ऑन करून नुसतं बघा

चावी ऑन केली की चेक इंजिनचा दिवा आणि हीटरचा दिवा लागायला पाहिजे. चेक लाइट अजिबात लागत नसेल तर एकतर बल्ब गेलाय किंवा ईसीएम जागाच होत नाहीये, आणि जागा होत नाही म्हणजे खराबच आहे असं नव्हे, बहुतेक वेळा त्याला करंटच पोचत नसतो. बोनेटखाली मेन रिलेचा टक आवाज येतो का ऐका. इमोबिलायझरचा (चावी ओळखली नाही तर इंजिन अडवणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहिला तर आधी चावीचा प्रश्न सोडवा, कारण इमोबिलायझर अडवत असेल तर इंजेक्टरला पल्स (उघडायचा विजेचा सिग्नल) मिळणारच नाही आणि तुम्ही उगाच ईसीएम शोधत बसाल.

बॅटरी

हे पटकन होतं पण सोडू नका. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा मगच पुढे जा. सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या खाली जाता कामा नये, त्याखाली गेला की बरेच ईसीएम सेल्फ मारतानाच रिसेट होतात आणि वर खोटे फॉल्ट कोडही टाकतात. इंजिन चालू असेल तर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चार्जिंग दिसायला हवं.

सप्लाय आणि अर्थ, खरं काम इथे आहे

वेळ इथे घाला, कारण निम्मे "मेलेले" ईसीएम इथेच जिवंत होतात असं माझं ठाम मत आहे. ईसीएमला कायमचा सप्लाय, चावीचा सप्लाय, मेन रिलेमधून येणारा सप्लाय आणि दोन-तीन तरी अर्थ असतात. फ्यूज नुसता डोळ्याने बघू नका, सॉकेटमध्ये बसलेला असतानाच त्याच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून बघा.

आता बॅटरीची निगेटिव्ह काढा, मग ईसीएमचा कपलर (वायरींचा प्लग) काढा, कपलर निघाल्यावर निगेटिव्ह परत लावा. हार्नेसच्या (गाडीतल्या वायरींच्या जुडग्याच्या) बाजूने सप्लायच्या पिनवर मीटर लावला की १२ व्होल्ट दिसले आणि सगळं ठीक आहे असं वाटलं, इथेच माणूस फसतो. वायर आतून सडून एकच तार उरली असली तरी मीटर १२ च दाखवतो कारण मीटर करंटच ओढत नाही. म्हणून तो हेडलाइटचा बल्ब सप्लाय आणि अर्थच्या पिनांमध्ये लावायचा, साडेचार अँपिअरच्या आसपास लोड पडतो, बल्ब झक्क पेटला तर वायर चांगली, मिणमिणला तर दोष तिथेच. मेन रिलेच्या पिनवर सप्लाय आला नाही तर घाबरू नका, त्या रिलेची कॉइल बहुतेक गाड्यांत ईसीएमच खेचतो आणि कपलर काढल्यावर तो खेचणार कसा, त्यासाठी रिले काढून सॉकेटमधल्या ३० आणि ८७ नंबरच्या पिना फ्यूज असलेल्या वायरने जोडून बघा. आणि हा बल्ब फक्त सप्लाय आणि अर्थच्या वायरींवरच, सेन्सरच्या पिनांना चुकूनही लावू नका. मीटरची जाड सुई कपलरच्या बारीक पिनेत कोंबू नका, पिन पसरते आणि मग कधी कॉन्टॅक्ट होणार कधी नाही असा नवीनच आजार लागतो.

अर्थसाठी अजून एक टेस्ट. कपलर परत लावा (निगेटिव्ह काढूनच), मग निगेटिव्ह परत जोडा, मीटरची काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल वायर कपलरच्या मागून ईसीएमच्या अर्थवर, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त येऊ नये. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर इंजिनची अर्थ पट्टी आणि बॉडीवरचा अर्थ बोल्ट सोडून घासून परत घट्ट करा आणि परत मोजा, जुन्या गाडीत त्या बोल्टखाली गंज असतोच.

कपलर हातात असताना आत नीट बघा. हिरवी बुरशी, पाणी, आणि हो, ऑइलसुद्धा. इंजिनच्या आतून जाणाऱ्या हार्नेसमधून ऑइल वायरीच्या तारांमधून चढत चढत थेट ईसीएमपर्यंत येतं, लँड रोव्हरच्या टीडी५ इंजिनात लाल कपलरमध्ये ऑइल येण्याची तक्रार त्यासाठी प्रसिद्धच आहे. नुसता कपलर पुसून उपयोग नाही, ऑइल जिथून शिरतं ते हार्नेस बदलावं लागतं.

पाच व्होल्टची शोधाशोध

ईसीएम सेन्सरना ५ व्होल्ट देतो, आणि बऱ्याच गाड्यांत एकाच लाइनवर दोन-तीन सेन्सर असतात. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळे एकदम मेल्यासारखे दिसतात, पेडल चालत नाही, रेल प्रेशर दिसत नाही, कोडची रांग लागते आणि निदान होतं ईसीएम. पी०६४१, पी०६४२, पी०६४३ हे कोड या लाइनचेच. चावी ऑन ठेवून एका सेन्सरच्या कपलरवर मीटर लावा आणि बाकीचे त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढत जा. एखादा काढल्याबरोबर ५ व्होल्ट परत आले तर तो सेन्सर गुन्हेगार. सगळे काढूनही आले नाहीत तर बॅटरी आणि ईसीएमचा कपलर काढून ती वायर अर्थला किंवा दुसऱ्या वायरीला चिकटलीय का ते ओममध्ये बघा, खासकरून हार्नेस इंजिनच्या ब्रॅकेटवर घासतो तिथे. वायर स्वच्छ, सप्लाय अर्थ लोडवर पास, आणि तरीही ५ व्होल्ट नाहीत, तर आता ईसीएमवर संशय घ्यायला जागा आहे.

स्कॅनर बोलत नसेल तर

ओबीडी सॉकेटची (स्कॅनर जिथे लावतो त्याची) १६ नंबरची पिन बॅटरीचा सप्लाय, ४ आणि ५ अर्थ. आधी एवढं बघा, सॉकेटचा फ्यूज उडालेला असतो आणि गाडीवर आरोप होतो. कॅन (गाडीतल्या कॉम्प्युटरना जोडणारी दोन वायरींची लाइन) असलेल्या गाडीत बॅटरी काढून ६ आणि १४ मध्ये ६० ओमच्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर लाइन शॉर्ट आहे. जास्त जुन्या गाड्यांत कॅन नसून ७ नंबरवर के-लाइन असते, तिथे स्कॅनरही ते प्रोटोकॉल बोलणारा लागतो.

सेल्फ मारताना लाइव्ह डेटा

स्कॅनर बोलला तर अर्धं काम झालं. सेल्फ मारताना आरपीएम दिसतो का बघा. शून्य दिसला तर आधी क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा), त्याची वायर आणि दातेरी रिंग. गाडी गरम झाली की बंद पडते आणि थंड झाली की लागते, ही तक्रार असेल तर क्रँक सेन्सरच पहिला धरा. आरपीएम आहे तर रेल प्रेशर बघा, साधारण २०० ते ३०० बारपर्यंत गेल्याशिवाय बहुतेक कॉमन रेल ईसीएम इंजेक्टर उघडत नाहीत, म्हणजे तिथे दोष पंप, फिल्टर, एअर किंवा रिटर्न जास्त देणाऱ्या इंजेक्टरचा असू शकतो. रेलची पाइप चालू इंजिनवर ढिली करू नका, हजार बारच्या वरचं डिझेल कातडी फाडून आत घुसतं, हात गमवायची वेळ येते.

आरपीएम बरोबर, प्रेशर बरोबर, इमोबिलायझर शांत, आणि तरी इंजेक्टरला पल्स नाही, तर चावी बंद करून इंजेक्टरचे कपलर काढा आणि प्रत्येकाची पिन त्याच्या बॉडीला शॉर्ट आहे का बघा. एक शॉर्ट असला तरी ईसीएम स्वतःला वाचवायला कधी कधी पूर्ण ग्रुप बंद करतो. पल्स बघायची ती स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लावून, टेस्ट लॅम्पने नाही, आणि इंजिन चालू असताना त्या वायरींना हात नको, तिथे ६० व्होल्टच्या वर, पिझो इंजेक्टरला शंभरच्याही वर व्होल्टेज असतं.

मग ईसीएम खरंच गेला कधी म्हणायचा

सप्लाय आणि अर्थ लोडवर पास झालेत, वायरिंग ईसीएमच्या पिनेपर्यंत तपासलंय, आत जाणारे सिग्नल बरोबर आहेत आणि बाहेर जे यायला हवं ते येत नाही, तेव्हा. किंवा पी०६०१, पी०६०५, पी०६०६ सारखे आतल्या मेमरीचे, प्रोसेसरचे कोड चांगल्या बॅटरीवर क्लिअर करूनही परत परत येतात, तेव्हा. यापेक्षा कमी पुराव्यावर मी तरी ईसीएम बदलायला सांगणार नाही.

एवढं सिद्ध झालं की बॉक्स उघडून जळकट वास, पाणी शिरल्याच्या खुणा, तडकलेली सोल्डरिंग बघता येते, पण दुरुस्ती बोर्डवर काम करणाऱ्या माणसाकडेच द्या. जुना वापरलेला बसवायचा असेल तर हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही नंबर जुळले पाहिजेत आणि इमोबिलायझर मॅच करून घ्यावा लागतो. आणि बसवायच्या आधी जुना कशाने मेला ते शोधा, शॉर्ट झालेला इंजेक्टर किंवा सोलेनॉइड तसाच ठेवलात तर दुसराही जाईल. बसवल्यावर इंजेक्टरवर छापलेले कोड सिलिंडरप्रमाणे स्कॅनरने परत भरा, ते राहिले तर गाडी लागेल पण धूर आणि ठोका करेल, आणि लोक परत म्हणतील की हा ईसीएमपण खराब आहे.